गावभर ठेवलेल्या टर्की

सान इसिद्रोत मला नावाने हाक मारणारी माणसं थोडीच. मी चढ चढून वर येताना दिसले की कुठल्या तरी अंगणातून आवाज यायचा, "विचारणारी आली गं! पैसे लपवा!" आणि मग चारी बाजूंनी हसणं.

माझं कामच तसं होतं. शहरातल्या विद्यापीठाची माणसं आमच्या वाहाका प्रांतातल्या डोंगरी गावांचा अभ्यास करत होती. हातावर पोट असलेली घरं पैसा कुठून आणतात, कुठे घालवतात आणि दोन्हींच्या मधले कोरडे दिवस कसे काढतात, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. एकदाच जाऊन विचारलं तर माणूस आठवेल ते आणि शोभेल ते सांगतो. म्हणून दर पंधरवड्याला त्याच घरांत जायचं, वर्षभर जायचं, आणि विचारायचं, मागच्या खेपेनंतर काय आलं, काय गेलं. त्यासाठी त्यांना आमची झापोतेक बोली बोलणारी आणि डोंगर चढताना धापा न टाकणारी बाई हवी होती. मी शेजारच्याच वाडीतली. तालुक्याच्या गावात एका कापडाच्या दुकानात कापड मापायचं काम करत होते. ते दुकान बंद पडलं आणि ही नोकरी मिळाली.

आमच्या मुख्य बाई हिमेना. वयाने माझ्याएवढ्याच, पण चष्म्यामुळे मोठ्या वाटायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "फिदेला, सल्ला द्यायचा नाही. उसने द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत. आणि एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानावर घालायचं नाही. ती दोघं एका उशीवर झोपत असली तरी नाही." नवरा-बायकोला वेगवेगळं विचारायचं, हाही त्यांचाच दंडक.

माझ्या घरांपैकी एक घर ओतिलिया आणि सेनोबियोचं. ओतिलियाकाकू पन्नाशीला टेकलेली, अंगाने भरलेली, आणि हसायला लागली की चुलीवरचं भांडं हलावं अशी. तिच्या स्वयंपाकघरात मला कधी नुसतं बसू दिलं नाही. मक्याची टोपली पुढ्यात सरकवायची आणि म्हणायची, "रिकाम्या हातांनी विचारायचं असेल तर पाद्रीबाबाकडे जा. इथे दाणे सोलायचे आणि मग विचारायचं." त्या वर्षी मी जितके प्रश्न विचारले त्याहून जास्त कणसं सोलली.

एकदा मी विचारलं, "मागच्या पंधरवड्यात कोणाला काही भेट दिली?"

"नाही."

"काकू, परवा तुम्ही काखेत दोन टर्की घेऊन ऑरेलियाकडे लग्नाला निघाला होतात. मीच पाहिलं."

"ती भेट होय? त्या ठेवल्या तिच्याकडे."

"मग उसन्या दिल्या असं लिहू?"

"ऑरेलिया माझ्या दारात मागायला आली होती का? तू कुठली गं, चंद्रावरची? तुझ्या आईने कधी गेलागेत्सा नेली नाही कोणाकडे?"

नेली होती, कितीदा तरी. कोणाकडे लग्न असो, बारसं असो, मयत असो, आमच्याकडे टर्की, मका, कोको, सरपण, ज्याला जे जमेल ते घेऊन माणसं जातात. घरधणी ते लक्षात ठेवतो, आणि नेणाऱ्याच्या घरी कार्य निघालं की तेवढंच, त्याच वजनाचं परत आणतो. मध्ये दहा वर्षं गेली तरी चालतात. ज्याने कधी नेलं नाही, त्याच्या मांडवात चुली पेटतात पण त्यांवर चढवायला काही नसतं. हे सगळं मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण हिमेनाबाईंच्या फॉर्मवर दोनच रकाने होते, कर्ज आणि भेट, आणि मी मुकाट्याने त्यांतलाच एक भरत होते.

मी फोन करून बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी ते मला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "म्हणजे ती बचत आहे. आपण वर्षभराची बचत भेटीत घालून बसलो असतो." दोन आठवड्यांनी त्या स्वतः वर आल्या, ओतिलियाकाकूच्या चुलीपाशी बसल्या, आणि त्यांनाही टोपली मिळाली. नवा रकाना झाला. तेव्हापासून काकू मला एकेक घर सांगत गेली. कुठे काय ठेवलं, कोणाच्या कार्याला, किती वजनाचं. सत्तावीस वर्षांच्या संसारात ती सारखी नेतच राहिली होती. ते परत मागण्याची वेळ कधी आलीच नाही. तिला दोन मुली. थोरली ट्रकवाल्याबरोबर पळून गेली आणि धाकटीने शहरात कचेरीत जाऊन सही करून लग्न केलं.

"दोघींनी माझा मांडव बुडवला," काकू म्हणायची. "एवढ्या टर्की गावभर चरतायत आणि खायला निमित्त नाही!"

सेनोबियोकाका निराळा. उंच, वाळका, टोपीच्या काठाखालून बोलणारा. त्याला मी शेताच्या बांधावर गाठायची. तो नांगर थांबवायचा, पालोमो आणि हिल्गेरो ही त्याची बैलजोडी शेपट्या हलवत उभी राहायची, आणि तो मोजक्या शब्दांत उत्तरं द्यायचा. काय आलं? काही नाही. काय गेलं? मीठ, साबण, बियाणं. काय उरलं? यावर तो बैलांकडे बघायचा.

त्या वर्षी गावसभेने त्याला जत्रेचा मानकरी नेमलं होतं. मे महिन्यात सान इसिद्रोची, नांगर धरणाऱ्या संताची जत्रा भरते. तीन दिवस गावाला जेवण, वाजंत्री, फटाके, मेणबत्त्या, सगळं मानकऱ्याच्या घरचं. माणूस नाहीही म्हणू शकतो. सेनोबियोच्या बापाचं नाव एकदा पुकारलं गेलं होतं आणि तो जत्रेआधीच वारला. त्यामुळे सभेत नाव आलं तेव्हा सेनोबियोने टोपी काढली आणि मान लववली. त्यानंतर दोन महिन्यांनी त्याची बहीण मूत्रपिंडाच्या दुखण्याने आजारी पडली. जे गाठीला होतं ते शहरातल्या इस्पितळात गेलं. बहीण वाचली. घेवड्यावर मात्र रोग पडला.

ऑक्टोबरच्या शेवटी मी बांधावर गेले तेव्हा तो नांगर थांबवून आधीच उभा होता.

"काय आलं, काका?"

"इसार आला. बैलांचा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "पालोमो आणि हिल्गेरोचा?"

"माझ्याकडे आणखी बैल आहेत का?" त्याने पालोमोच्या मानेवर हात ठेवला. "पितरांचा सण झाला की सोमवारी व्यापारी येईल, बाकीचे देऊन घेऊन जाईल. त्याच रात्री मी उत्तरेला निघणार. चोरून सीमेपलीकडे नेणाऱ्या दलालाला निम्मे देऊन झालेत. पलीकडे पोचलो की बाकीचे फेडीन, आणि मेपर्यंत जत्रेपुरते पाठवीन."

"आणि काकू?"

"तिला माहीत नाही. सीमेवरून फोन करीन. आधी सांगितलं तर ती रडेल, ती रडली तर मी जाणार नाही, आणि मी गेलो नाही तर जत्रेत गावाला काय वाढू? माती?" मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुझा नियम आहे ना, इथलं तिथे न्यायचं नाही?"

"आहे."

"मग लिही."

मी लिहिलं. तिथून थेट काकूच्या स्वयंपाकघरात जायचं होतं. गेले, दाणे सोलले, प्रश्न विचारले. ती पितरांसाठी कोणता पाव करायचा ते सांगत होती. सेनोबियोच्या बापाला बडीशेप घातलेला आवडायचा म्हणे. तिचं एक वाक्य मला धड ऐकू येत नव्हतं.

संध्याकाळी मी हिमेनाबाईंना फोन केला आणि नावं न घेता सगळं सांगितलं. नावं त्यांनी ओळखलीच असणार.

"नाही, फिदेला," त्या म्हणाल्या. "आपण कोणाला नेऊन सांगत नाही, म्हणून तो बोलला. तू आज नेलंस तर उद्या त्या गावातलं एकही दार आपल्याला उघडणार नाही, आणि उघडूही नये."

"तुम्हाला सांगणं सोपं आहे."

"नाही, सोपं नाही." त्या म्हणाल्या. "पण त्याच्याशी बोलायला तुला कोणी अडवलंय? सल्ला देऊ नकोस. प्रश्न विचार. त्यासाठीच तर तुला घेतलंय."

पितरांचा सण झाला. सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी मी बांधावर गेले. सेनोबियो बैलांच्या पाठींना खरारा करत होता. विकायच्या बैलांना इतका खरारा कोणी करत नाही.

"काका, मागे एक प्रश्न राहिला. तुमच्या घराचं गावात कोणाकडे काही ठेवलेलं आहे?"

"नाही."

"गेलागेत्सा?"

"ते बायकांचं. असतील दोनचार कोंबड्या."

"दोनचार?"

त्याचा हात थांबला. "तुला जास्त माहीत आहे?"

"मला काय माहीत आहे ते मी सांगू शकत नाही. तुमचं तिकडे सांगू शकत नाही, तसंच तिकडचं इथे."

"म्हणजे टोमणा मारायला आलीस."

"नाही, काका. माझा बाप उत्तरेला गेला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्यानेही आधी सांगितलं नाही. आईला शेजारणीने सांगितलं, आई चुलीपाशी असताना. दोन वर्षं त्याचे फोन आले, मग बंद झाले. तो का गेला हे आई समजून घेते. पैसे नव्हते, गेला. पण शेजारणीच्या तोंडून कळलं, ते ती अजून गिळू शकलेली नाही. आजही त्या बाईच्या दारावरून जात नाही, लांबून वळसा घालते."

सेनोबियोने खरारा बैलाच्या पाठीवर ठेवून दिला. "हे तुझ्या फॉर्मवर आहे?"

"नाही. हे माझं."

"मग फॉर्मवरचं झालं असेल तर जा," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, पण मला पुढे उभं राहावेना.

मी काकूच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. टोपलीतलं दुसरं की तिसरं कणीस हातात होतं, तेव्हा दारातला उजेड गेला. सेनोबियो दारात उभा होता. दुपारच्या वेळी तो कधी घरी येत नसे.

"ओतिलिया," तो म्हणाला, "गावात आपलं किती ठेवलेलं आहे?"

काकूने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू काही सांगितलंस याला?"

"मी काही सांगितलेलं नाही, काकू."

"सत्तावीस वर्षांत या माणसाने घरात मीठ कुठून येतं ते विचारलं नाही, आणि आज टर्की विचारतोय. ऊन लागलं का रे तुला?"

"विचारतोय ना. सांग."

ती तळव्यावर भाकरी थापत थापत सांगू लागली. ऑरेलियाकडे चार, शिवाय पोतंभर मका. तोरिबियोकडे त्याच्या बेनितोच्या बारशाच्या दोन. खालच्या वाटेवरच्या प्लासिदाआजीकडे तिच्या नवऱ्याच्या मयतीची एक. शाळेजवळच्या दोघा भावांकडे सहा, त्यांची तीन कार्यं झाली. कोको कोणाकडे, सरपण कोणाकडे. भाकरी तव्यावर जायची, फुगायची, टोपलीत पडायची, आणि पुढचं घर यायचं. सेनोबियो उंबऱ्यावरच बसला. टोपी त्याने मांडीवर घेतली. टर्कींचा आकडा चाळीसच्या पुढे गेला तेव्हा तो म्हणाला, "पुरे."

"पुरे काय? अजून वरची आळी राहिली."

"तू मला कधी सांगितलं का नाहीस?"

"आता घ्या!" काकू हसायला लागली. "तू सभेत मान लववलीस, तेव्हा मला वाटलं याच भरवशावर लववलीस. मी ऑरेलियाला म्हटलंसुद्धा, माझा नवरा बोलत नाही, पण बघतो सगळं. मग कशाच्या भरवशावर घेतलंस मानकरीपण?"

तो टोपी गोल गोल फिरवत राहिला. मी उठू लागले, तर त्याने हाताने बसायची खूण केली. का ते मला कळलं नाही. कदाचित एकट्याने सांगायची त्याची हिंमत होत नसावी.

"मी जाणार होतो," तो म्हणाला. "उत्तरेला. बैलांचा इसार घेतलाय."

काकू हातातली भाकरी थापायची थांबली नाही. तिने ती तव्यावर टाकली.

"केव्हा?"

"सोमवारी."

"कोणत्या सोमवारी?"

"या."

तिने भाकरी उलटली, होऊ दिली, काढली, टोपलीत फडक्याखाली झाकली. "नांगरवाल्या संताची जत्रा करायची, आणि त्यासाठी बैल विकायचे," ती हळूच म्हणाली. "आणि मला कुठून सांगणार होतास? डोंगरापलीकडून?"

"फोन करणार होतो."

"फोन." ती उठली. हात एप्रनला पुसले. "फिदेला, तुझे प्रश्न झाले असतील तर आज जा, बाई."

मी गेले.

सेनोबियो गेला नाही. सोमवारी व्यापारी आला आणि त्याने इसार दुप्पट परत मागितला. आमच्याकडे तशीच रीत आहे. बरीच बाचाबाची झाली, आणि शेवटी नाताळसाठी पोसलेलं डुक्कर आणि एक कालवड देऊन तो विषय मिटला. दलालाला दिलेले मात्र गेले ते गेलेच. तो फोन उचलेना. हे नुकसान त्या घराला जड होतं. त्या हिवाळ्यात माझ्या फॉर्मवर साबणसुद्धा क्वचित यायचा.

त्याहून जड होतं ते काकूचं गप्प बसणं. ती रडली नाही, ओरडली नाही, नवऱ्याला वेळेवर जेवायला वाढत होती. फक्त त्याच्याशी बोलत नव्हती. काही सांगायचं असलं तर भिंतीला सांगायची, कुत्र्याला सांगायची. एकदा मी बसले होते आणि सेनोबियो अंगणात लाकडं फोडत होता, तेव्हा म्हणाली, "फिदेला, त्या माणसाला सांग, बैलांना पाणी दाखवलेलं नाही."

"काकू, मला इकडचं तिकडे न्यायची मनाई आहे."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं, इतकं की डोळे पुसायला लागले. बाहेर कुऱ्हाडीचा आवाज थांबला. थोड्या वेळाने बादली उचलल्याचा आवाज आला.

त्या दिवशी तिने मला एवढंच सांगितलं, "तो जाणार होता, याचा राग नाही गं मला. अर्धं गाव जाऊन आलंय. पण सणाला मी त्याच्या बापाचा पाव भाजत होते. तो शेजारी बसून मला साखर देत होता, आणि त्याच्या मनात सोमवार होता. हे मला विसरता येत नाही."

मार्च संपताना बोलावणी करायची वेळ आली. ठेवलेलं परत मागायचीही पद्धत असते. नवरा-बायकोने मिळून जायचं, मेस्काल दारूची बाटली आणि पाव न्यायचा, बसायचं, हवापाण्याचं बोलायचं, आणि मग कार्य आहे असं सांगायचं. पुढे ओतिलिया चालायची, मागे सेनोबियो बाटली घेऊन. बोलायची वेळ आली की ती बोलायची आणि तो मान हलवायचा. बहुतेक घरांत फार बोलावंही लागलं नाही. ऑरेलियाने तर दार उघडतानाच विचारलं, "चारही एकदम पाठवू, की दोन आदल्या दिवशी?"

तोरिबियोच्या घरी मी होते. तेही माझ्या यादीतलं घर, आणि मी त्याच्या बायकोशी बोलत बसले होते. तोरिबियोने मेस्काल प्याला, ओठ पुसले आणि म्हणाला, "टर्की? कोणत्या टर्की?"

"बेनितोच्या बारशाच्या," ओतिलिया म्हणाली.

"बारशाला तू आली होतीस हे आठवतं. टर्की आठवत नाहीत."

सेनोबियो लाल झाला. उठायच्या बेतात होता. मला वाटलं, आता हा म्हणेल चल, जाऊ दे. तेवढ्यात आतल्या खोलीतून तोरिबियोच्या आईचा आवाज आला. बोळक्या तोंडामुळे तिचं बोलणं शिट्टीसारखं यायचं. "दोन होत्या! एक पांढरी, एक काळी! मीच त्यांची पिसं उपटली, आणि काळीचा गळा तूच खाल्लास, मेल्या!"

"आई, तू झोप."

"तुझ्या मुलाचं लग्न निघेल तेव्हा तुझ्या दारात कोण येईल ते बघायला मला जागं राहू दे!"

तोरिबियोने ग्लासात राहिलेला घोट घेतला. "दोन," तो म्हणाला. "आता आठवलं. पांढरी जरा लहान होती."

"लहान नव्हती," आतून आवाज आला.

बाहेर वाटेवर आल्यावर सेनोबियोने बायकोला म्हटलं, "मी एकटा असतो तर सोडून दिलं असतं." ती पुढे चालत राहिली, पण तिने पावलं आखडली. त्याला बाटली सांभाळत धावावं लागू नये, एवढीच.

प्लासिदाआजीकडे टर्की नव्हती. कोंबडीही नव्हती. म्हातारी दारात उभी राहून रडायला लागली. तेव्हा ओतिलिया म्हणाली, "आजी, तुमच्यासारखं चॉकलेट पाट्यावर कोणी वाटत नाही. माझ्याकडे तीन दिवस बसाल का?" आजीने डोळे पुसले आणि विचारलं, "साखर मी सांगेन तेवढीच घालायची ना?" तिथेच हिशेब मिटला.

जत्रेच्या आठवड्यात मी हिमेनाबाईंना विचारलं, "आई आणि मी ओतिलियाकडे एक टर्की नेणार आहोत. हे उसनं देणं की भेट? नियमात बसतं का?" त्या फोनवर हसल्या. "अभ्यास शनिवारी संपतोय. रविवारी ने." त्या स्वतःही आल्या, शहरातून कोकोची पिशवी घेऊन, आणि दारात ती कोणाकडे कशी द्यायची हे मला तीनदा विचारलं.

ओतिलियाच्या अंगणात इतके पक्षी जमले की बांधायला दोर पुरेना. बायका चुलींभोवती दाटल्या होत्या. मोले रश्शाची मोठमोठी भांडी रटरटत होती, आणि प्लासिदाआजी पाट्यावर बसून साऱ्यांना हुकूम सोडत होती. पालोमो आणि हिल्गेरोच्या शिंगांना कागदी फुलं बांधली होती. संताच्या मिरवणुकीत मानकऱ्याची जोडी पुढे असते. सेनोबियो त्यांच्या मधोमध चालत होता, नवा सदरा घालून. आपल्याला कोणी बघतंय का हे बघायचं धाडस त्याला होत नव्हतं.

दुपारी वाजंत्री सुरू झाली. मानकरी आणि त्याची बायको, दोघांनी हातात एकेक जिवंत टर्की धरून अंगणात मधोमध नाचायचं असतं. ओतिलिया अजूनही त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती, हे साऱ्या गावाला माहीत होतं, त्यामुळे गर्दी जरा जास्तच पुढे सरकली. ती आली, उभी राहिली, नाचू लागली. सेनोबियोचे पाय नेहमीसारखेच भलतीकडे पडत होते, त्यात त्याची टर्की पंख फडफडवत होती. मग ओतिलिया त्याच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली. तो इतका मोठ्याने हसला की टर्की त्याच्या हातातून सुटली आणि पोरं तिच्यामागे धावली.

नंतर मी तिला विचारलं, काय म्हणालात.

"म्हटलं, पलीकडे जाऊन असा चालला असतास तर पहिल्याच दिवशी पकडला गेला असतास."

जत्रा पार पडली. कोणी उपाशी उठलं नाही. त्यानंतर दोघांना पुष्कळ ठिकाणी नेऊन द्यावं लागलं, कारण जमलेलं सगळंच काही परतफेडीचं नव्हतं. नवं ठेवायलाही लोक आले होते. हिमेनाबाईंचा अभ्यास छापून झाला. त्याची एक प्रत त्यांनी ओतिलियाला दिली. ती काकूने कोको ठेवायच्या फळीवर अंथरली नाही, एवढा मान तिने त्याला दिला.

दोन वर्षांनी सेनोबियो गेलाच. पण सरकारी कागदावर, कॅनडात टोमॅटो तोडायला, सहा महिन्यांच्या बोलीवर. महिनाभर आधीपासून त्या घरात त्याच्याशिवाय दुसरा विषय नव्हता. निघायच्या सकाळी मीही त्याच गाडीची वाट बघत उभी होते.

"स्वेटर किती घेतलेस?" ओतिलियाने विचारलं.

"दोन."

"तिसरा घे."

"अगं, तिथे आता उन्हाळा लागतोय."

"कोणी सांगितलं?"

"फिदेलाने."

"फिदेला स्वतः कधी गेली आहे कुठे?" असं म्हणत तिने स्वतःच्या खांद्यावरून तिसरा काढून त्याच्या पिशवीत कोंबला. गाडी आली तेव्हा ती रडली, चांगली मोठ्याने रडली. तोही रडला, आणि गाडीत चढला.

दर रविवारी त्याचा फोन यायचा. ऑक्टोबरात तो परत आला, अंगाने जरा भरून, हातावर उन्हाचे डाग घेऊन. मी सोलायला कणसं घेऊन बसले होते. ओतिलियाने त्याला चुलीपाशी बसवलं आणि विचारलं, तिथली माणसं भाकरी कशाची खातात.

"पाव खातात," तो म्हणाला. "गोड, मऊ पाव. सकाळ-संध्याकाळ."

"अरेरे," ती म्हणाली, आणि तव्यावरची उतरवून त्याच्या हातात दिली.